धावणे एक, अर्थ अनेक

म्हैसूर येथील मानसगंगोत्री परिसरात भारतीय भाषा संस्थान ही केंद्र सरकारची संस्था आहे. तिची स्थापना १७ जुलै १९६९ रोजी झाली. ज्ञानग्रंथ भारतीय भाषांत आणण्यासाठी २००८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अनुवाद मिशनचे कामही याच संस्थेकडे आहे. अशा अनुवादात पारिभाषिक शब्दांसाठी कोशांचा आधार मिळतो. अनुवादकाची खरी कसोटी लागते ती ‘रन’, म्हणजे धावणे, यासारख्या साध्या क्रियापदापाशी.

इंग्रजीत जे धावते ते मराठीत बहुधा चालते. कारखाना चालतो, घड्याळ चालते. दुकान ‘रन’ करणारा मनुष्य ते चालवतो. नदी वाहते, नाक गळते, कपड्याचा रंग जातो. साखर ‘रन आउट’ झाली म्हणजे ती संपते आणि जुना मित्र ‘रन इन्टू’ झाला म्हणजे त्याची अवचित गाठ पडते. पायांचा संबंध यांपैकी कशाशीच नाही.

काही वाक्प्रचारांचा अर्थ ते ज्या व्यवसायातून आले त्यात सापडतो. ‘रन ऑफ द मिल’ म्हणजे गिरणीतून निघालेला, प्रतवारी न लावलेला माल; त्यावरून कोणतीही सर्वसामान्य वस्तू. म्हैसूरचे प्रसिद्ध रेशीम १९१२ पासून सरकारी कारखान्यात यंत्रमागावर विणले जात आले. तथापि त्याला ‘रन ऑफ द मिल’ कोणी म्हणणार नाही. याच शहरात चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी घोड्यांच्या शर्यतीचे मैदान आहे. पहिल्या क्रमांकांत न आलेल्या घोड्यांची नोंद ‘ऑल्सो रॅन’ अशी होई. पुढे निवडणुकीत मागे पडलेल्या उमेदवारालाही तेच नाव मिळाले. ‘रन द गॉन्टलेट’चे मूळ स्वीडनच्या सैन्यात आहे. तेथे अपराधी शिपायाला दोन रांगांमधून, दोन्ही बाजूंचे फटके खात, धावावे लागे. आज चहूकडून टीका सोसणाऱ्याविषयी हे शब्द वापरतात.

क्वचित मराठीत तयार जोड मिळते. सशाबरोबर धावून शिकारी कुत्र्यांनाही साथ देणारा इंग्रज आपल्याकडे दोन्ही डगरींवर हात ठेवतो. संथ पाणी खोल असते, या इंग्रजी म्हणीचे सत्य मराठीने उलट्या बाजूने सांगितले आहे: उथळ पाण्याला खळखळाट फार.

पाठ्यपुस्तकात मात्र चूक महाग पडते. ‘इन द लाँग रन’ याचा बोलण्यातील अर्थ ‘अखेरीस’ असा आहे. अर्थशास्त्रात मात्र ‘लाँग रन’ म्हणजे उत्पादनाचे सर्व घटक बदलता येतील असा दीर्घकाळ होय. ‘रन ऑन अ बँक’ म्हणजे विश्वास उडालेल्या ठेवीदारांची पैसे काढण्यासाठी एकाच वेळी उडालेली झुंबड. तेथे ‘बँकेवर धाव’ असे छापले गेले, तर वाचकाच्या डोळ्यांसमोर दरोडेखोर उभे राहतील. मूळ ग्रंथ ज्याच्या हाती नाही अशा विद्यार्थ्याला ही चूक अनुवादकाची आहे हे कळत नाही. विषयच आपल्या आवाक्याबाहेरचा आहे, असे तो समजतो.