गवय, गझिबो आणि पुठ्ठ्यामागचा फासा



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. एकानं काळजीच्या सुरात विचारलं, "सर, तब्येत बरी आहे ना?" (हशा) तब्येत उत्तम आहे. पण ज्यानं तीस वर्षं ज्ञानमीमांसा शिकवली तो राक्षस, बुटके आणि जादूगार यांच्या खेळावर का बोलतोय, ही शंका रास्तच आहे.

त्याचं असं झालं. मागच्या हिवाळ्यात मी मुलीकडे मिनिॲपोलिसला होतो. बाहेर उणे वीस. घराच्या तळघरात माझी नात, वय वर्षं सतरा, आणि तिचे चार मित्रमैत्रिणी दर शनिवारी पाच-सहा तास बसायचे. मधूनच खालून एवढा हास्यकल्लोळ यायचा, की एके दिवशी मी न राहवून खाली गेलो आणि कोपऱ्यातली एक खुर्ची धरली. ती परत येईपर्यंत सोडली नाही. आज जे सांगणार आहे त्यातला शेवटचा भाग त्या मुलांच्या परवानगीनं सांगतोय, हे आधीच नोंदवतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो, कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी पुजारी. एक जण कुठलंच पात्र घेत नाही, तो जग चालवतो. मुलं त्याला 'डीएम' म्हणतात. मी सूत्रधार म्हणणार, कारण आपल्याकडे त्याहून चांगला शब्द नाही. सूत्रधार सांगतो, "समोर ओली दगडी वाट आहे, आतून कुणीतरी कण्हल्याचा आवाज येतोय. तुम्ही काय करता?" खेळाडू सांगतात. ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. नाटक म्हणावं तर संहिता नाही, खेळ म्हणावं तर शेवटी कुणी जिंकत नाही. सगळं घडतं ते बोलण्यात.

१९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. तीन पातळ पुस्तिका, एक खोकं, पहिली आवृत्ती हजार प्रतींची. हे बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं. मला जास्त गंमत वाटते ती त्याच्या पाच वर्षं आधीच्या एका फजितीची, आणि ती घडली मी राहत होतो त्याच मिनिॲपोलिस-सेंट पॉल या जोडशहरांत.

तिथे डेव्हिड वेसली नावाचा तरुण युद्धाचे खेळ आखायचा. टेबलावर शिशाचे सैनिक, नेपोलियनचा काळ, दोन सेनापती, असा तो प्रकार. १९६९ मध्ये त्यानं ब्राउनश्टाइन नावाचं एक काल्पनिक प्रशियन गाव रचलं. खेळायला नेहमीपेक्षा जास्त माणसं आली, म्हणून उरलेल्यांना त्यानं भूमिका वाटून टाकल्या. तू नगराध्यक्ष, तू सावकार, तू विद्यापीठाचा कुलपती. त्याची कल्पना अशी की ही मंडळी थोडं राजकारण करतील आणि मग रीतसर लढाई होईल. लढाई झालीच नाही. नगराध्यक्ष, सावकार, कुलपती आपापसांत कुजबुजत सुटले. दोघं जण येऊन म्हणाले, आम्ही एकमेकांना द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलंय, आता निकाल सांग. द्वंद्वयुद्धाचे नियमच नव्हते! वेसलीनं उभ्याउभ्या काहीतरी रचलं. सगळा बट्ट्याबोळ झाला असं मानून तो खट्टू झाला, आणि खेळाडू मात्र विचारत होते, पुन्हा कधी? पुढे अशाच एका खेळात आर्नेसनकडे एका काल्पनिक लॅटिन अमेरिकन देशातल्या शांततावादी क्रांतिकारकाची भूमिका होती. त्यानं काय करावं? खोटं ओळखपत्र दाखवून आपण सीआयएचे हस्तक आहोत असं सगळ्यांना पटवलं, हेलिकॉप्टर मिळवलं आणि जाता जाता आकाशातून क्रांतीची पत्रकं उधळली. पत्रकं वाटल्याचे गुण होते ना!

म्हणजे या खेळाचा जन्मच मुळी सूत्रधाराच्या हातून सूत्र सुटण्यात आहे. हे ध्यानात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.

आता गझिबोची गोष्ट. ऐंशीच्या दशकापासून हे खेळाडू ती एकमेकांना सांगत आलेत. एका खेळात सूत्रधार म्हणाला, "तुझ्यासमोर बाग आहे आणि बागेत एक गझिबो आहे." गझिबो म्हणजे बागेतला छताचा, चारी बाजूंनी उघडा मंडप. खेळाडूला हा शब्द ठाऊक नव्हता, पण विचारायची लाज वाटली असावी. त्यानं रंग विचारला. पांढरा. किती लांब आहे? इतका लांब. मोठा आहे? बराच मोठा, वर टोकदार. त्यानं आपल्या जादूच्या तलवारीनं तपासलं की हा सज्जन आहे का. सूत्रधार गोंधळून म्हणाला, सज्जन कसला, गझिबो आहे तो! यानं हाक मारली. उत्तर नाही. बाण मारला. बाण रुतला, पण गझिबो हूं की चूं करेना. जखमसुद्धा नाही? आता मात्र याची गाळण उडाली आणि तो पळत सुटला. सूत्रधाराचाही संयम संपला. तो म्हणाला, "उशीर झाला. तू गझिबोला जागं केलंस. त्यानं तुला पकडलं आणि खाल्लं." (हशा)

तुम्ही हसलात, मीही हसलो. पण इथे आपल्या नैयायिकांना बोलवू या. गावातल्या माणसाला 'गवय' म्हणजे काय हे माहीत नसतं. रानातला माणूस त्याला सांगतो, गाईसारखा असतो तो गवय. मग हा रानात जातो, गाईसारखा प्राणी बघतो आणि त्याला कळतं, हाच तो गवय. यालाच आपण उपमान म्हणतो. आता बघा, टेबलावरच्या रानात हे शक्यच नाही, कारण तिथे बघायला काही नाही. रानही शब्दांचं आणि गवयही शब्दांचा. प्रत्यक्ष हे प्रमाणच वजा झालेलं. मग आपला गडी काय करणार? तो अनुमानावर जगणार. या जगात सूत्रधार मुद्दाम ज्या वस्तूचं नाव घेतो ती बहुधा चावते, हा त्याचा आजवरचा अनुभव. त्यात ही वस्तू बोलत नाही, हलत नाही, बाणाला दाद देत नाही. म्हणजे केवढी भयंकर असेल! सूत्रधाराचं एकही उत्तर खोटं नाही आणि प्रत्येक खऱ्या उत्तरानं त्याची भीती वाढत गेली. पहिल्या वर्षाच्या वर्गात मी फळ्यावर 'प्रागनुभविक' असं लिहायचो तेव्हा समोरच्या साठ चेहऱ्यांवर हीच गझिबोची भीती असायची. एकानंही हात वर केला नाही, आणि चूक त्यांची एकट्यांची नव्हती, हे मला निवृत्तीनंतर कळतंय.

दुसरी गोष्ट नव्वदच्या दशकातली. या खेळाच्या पुराणात वेक्ना नावाचा एक मेलेला महाजादूगार आहे. त्याचा हात आणि डोळा या दोन वस्तू प्रसिद्ध. आपला हात तोडून तिथे वेक्नाचा हात लावला, की तो चिकटतो आणि अफाट शक्ती मिळते. एकाच जगात दोन टोळ्या खेळत होत्या. पहिल्या टोळीनं दुसरीची जिरवण्यासाठी अफवा सोडली, की वेक्नाचं डोकंसुद्धा कुठेतरी पुरलेलं आहे. मग कुठलंसं एक मुंडकं पेटीत घातलं, भोवती सापळे लावले आणि गंमत बघत बसले. दुसऱ्या टोळीनं सापळे ओलांडून पेटी मिळवली. मग त्यांच्यात भांडण लागलं, स्वतःचं डोकं कुणी कापून घ्यायचं यावर! जो जिंकला त्याचं डोकं उडवलं, नवं बसवलं. अर्थातच तो मेला. आता तरी डोळे उघडावेत? छे. बाकीचे म्हणाले, आपण नवं डोकं पुरेशा चपळाईनं बसवलं नाही. म्हणून दुसऱ्याचं कापलं.

यांना मूर्ख म्हणणं सोपं आहे. हात चालतो, डोळा चालतो, तर डोकं का नाही चालणार? अनुमान काही वाईट नाही. शिवाय माहिती 'असं म्हणतात' या स्वरूपाची. पौराणिकांनी अशा निनावी परंपरेला ऐतिह्य म्हणून वेगळं प्रमाण मानलं, नैयायिकांनी मानलं नाही, ते का, हे इथे समजतं. आणि प्रयोग फसल्यावर सिद्धान्त न सोडता कृतीला दोष देणं हे तर विज्ञानाच्या इतिहासात पानोपानी सापडेल. फरक एवढाच, की तिथे दर वेळी मुंडकं जात नाही.

गायगॅक्सचं १९७८ साली छापलेलं 'टूम ऑफ हॉरर्स' हे साहस मी ओझरतं सांगतो. एका भिंतीवर हिरव्या सैतानाचा चेहरा कोरलेला, तोंड उघडं, आत काळोख. त्या काळोखात जे जातं ते कायमचं नष्ट होतं. तरी पहिला आत शिरतो, परत येत नाही, म्हणून काय झालं ते बघायला दुसरा शिरतो. अशा किती पात्रांची वाट लागली असेल याची गणती नाही.

या सगळ्या गोष्टी लोक पुन्हा पुन्हा का सांगतात? नुसता विनोद म्हणून नव्हे. त्या कुणी लिहिलेल्या नव्हत्या म्हणून. सूत्रधारानं ठरवून खेळाडूला गझिबोवर सोडलं असतं तर ती गोष्ट पाच मिनिटांत विसरली गेली असती.

आणि इथेच मला तळघरातली एक संध्याकाळ सांगायची आहे. माझी नात सूत्रधार. तिच्यापुढे पुठ्ठ्याचा एक आडवा पडदा असतो, त्यामागे ती फासे टाकते. माझी खुर्ची तिच्या मागच्या बाजूला, त्यामुळे मला पडद्यामागचं दिसायचं. त्यांच्यातला एक अबोल मुलगा गेले आठ महिने एका बुटक्या लोहाराचं पात्र चालवत होता. त्याची वही, चित्रं, लोहाराच्या आईला लिहिलेली पत्रं, सगळं होतं. त्या रात्री दलदलीतल्या राक्षसानं लोहारावर घाव घातला. फासा पडला वीस. म्हणजे लोहार संपला. नात क्षणभर थांबली आणि म्हणाली, "चौदा. घाव चुकला." टेबलावर टाळ्या.

रात्री चहा करताना मी म्हटलं, "तू खोटं बोललीस."

"आबा, तू पाहिलास?" मग हळूच म्हणाली, "त्याच्या घरी सध्या बरं नाहीये. एवढी एकच गोष्ट त्याच्याकडे नीट चाललीय."

मी कांट सुरू केला. ती म्हणाली, पुस्तकात परवानगी आहे. खरंच आहे! १९७९ च्या सूत्रधारांसाठीच्या पुस्तकात गायगॅक्सनं म्हटलंय, की खेळाडूनं सगळं नीट करूनही केवळ फाशाच्या लहरीनं मरण आलं, तर ते सौम्य करायचा सूत्रधाराला अधिकार आहे. मग मी हॉयझिंगा काढला. १९३८ च्या 'होमो लुडेन्स'मध्ये तो लबाडी करणारा आणि खेळ मोडणारा यांत भेद करतो. लबाड निदान खेळ मानत असल्याचं दाखवतो, म्हणून समाज त्याला लवकर क्षमा करतो. खेळ मोडणारा मांडलेलं जगच उधळून टाकतो. म्हटलं, त्या हिशेबानं तू लबाड, पण खेळ मोडलेला नाहीस. तिला ते फारसं सांत्वन वाटलं नाही.

दोन शनिवारांनंतर त्या मुलानंच विचारलं. राक्षसाचा जोर किती, लोहाराचं चिलखत कितीचं, हे त्यानं घरी मांडून पाहिलं होतं. चौदा पडले असते तरी घाव बसायला हवा होता. नातीनं खरं सांगितलं. तो चिडला नाही. म्हणाला, "आणि ड्रॅगनच्या वेळी?"

"तेव्हा नाही. शपथ."

"पण ते मला कसं कळणार?"

खोलीत कुणी बोललं नाही. खोटी वचनं सर्वांनी दिली तर वचन या गोष्टीलाच अर्थ उरणार नाही, हा कांटचा युक्तिवाद मी वर्षानुवर्षं फळ्यावर मांडला आणि तो मला नेहमी थोडा कोरडाच वाटायचा. त्या मुलाच्या चेहऱ्यावर तो मला दिसला. एका रात्रीचं खोटं मागे मागे जाऊन आठ महिन्यांच्या सगळ्या रात्रींना लागलं होतं. ड्रॅगन त्यानं मारला होता की त्याला मारू दिला होता? तिची माया खरी होती, आणि तिच्या वयात मीही तेच केलं असतं. पण तिनं तो वीस सगळ्यांपुढे ठेवून विचारायला हवं होतं, की काय करू या? तिनं त्याच्या वतीनं एकटीनं ठरवलं आणि तिथेच चुकलं, असं माझं मत आहे.

तेव्हापासून पुठ्ठा कपाटावर गेला. फासे टेबलाच्या मधोमध पडू लागले.

मी निघायच्या आधीच्या शनिवारी लोहार मेला. मठाच्या निसरड्या पायऱ्यांवर एक बोकड उभा होता. सगळे म्हणाले, बाजूनं जाऊ. हा म्हणाला, मी त्याला पाव देऊन मैत्री करतो. फासा पडला एक. बोकडानं ढुशी दिली. तोल सावरता येतो का? पुन्हा एक. चारशेत एकदा होणारी गोष्ट! आठ महिने ड्रॅगन आणि राक्षसांना पुरून उरलेला लोहार दोनशे पायऱ्या गडगडत गेला. एक क्षण सगळे त्या फाशाकडे बघत राहिले. मग पहिला हसला तो तोच मुलगा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वहीत त्यानं लोहाराच्या आईला शेवटचं पत्र लिहिलं आणि त्यात बोकडाचं वर्णन राक्षसापेक्षा मोठं केलं. आता नवीन पात्र घेऊन खेळतोय. नात फोनवर सांगत होती, की कुठल्याही गावात बोकड दिसला की पाचही जण टेबलापाशी उठून उभे राहतात.

प्रश्न घेऊ या आता. तिसऱ्या रांगेतल्या बाईंनी मघाशीच हात वर केला होता.