विश्लेषण : व्हेनिसमध्ये रेटारेटी, फेरारात निवांतपणा… इटलीत गर्दी टाळून काय पाहता येईल?

रोम, पिसाचा मनोरा, फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि तिथून थेट स्वित्झर्लंड. युरोप सहलींच्या पत्रकांत इटली बहुतेकदा एवढ्यावरच आटोपते. त्यामुळे जगभरचे पर्यटक त्याच चार ठिकाणी, त्याच महिन्यांत जाऊन धडकतात. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत सर्वाधिक, म्हणजे ६१ ठिकाणे असलेल्या देशात ही वेळ का आली आणि त्यावर उपाय काय?

व्हेनिस प्रवेशासाठी पैसे का घेते?

व्हेनिसने २५ एप्रिल २०२४ पासून, मुक्काम न करता दिवसभरासाठी येणाऱ्या पर्यटकांकडून पाच युरो घ्यायला सुरुवात केली. सकाळी साडेआठ ते दुपारी चार ही शुल्काची वेळ. पहिल्या वर्षी हे शुल्क गर्दीच्या २९ दिवशी होते, २०२५ मध्ये ५४ दिवशी. आयत्या वेळी नोंदणी करणाऱ्यांना दहा युरो मोजावे लागले. मात्र, खरा प्रश्न पैशांचा नाही. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात लोक राहत. ऑगस्ट २०२२ मध्ये हा आकडा ५० हजारांखाली गेला. अनेक घरे पर्यटकांना भाड्याने गेली. वाणसामानाच्या दुकानांच्या जागी मुखवटे आणि चुंबक विकणारी दुकाने आली. युरोप सहलीसाठी लाखो रुपये मोजणारा पाच युरोंसाठी बेत बदलेल, हे पटणे कठीणच. पॉम्पेईनेही नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २० हजार पर्यटकांची मर्यादा घातली आहे.

मग पर्यटकांनी जायचे कुठे?

फार लांब नाही. फ्लॉरेन्सहून व्हेनिसला जाणारी रेल्वे बोलोन्या, फेरारा आणि पादोव्हा या शहरांतूनच जाते. पर्यटक खिडकीतून स्थानकाच्या पाट्या वाचतात आणि पुढे जातात.

पादोव्हा व्हेनिसपासून रेल्वेने जेमतेम अर्ध्या तासावर. येथील विद्यापीठ १२२२ मधले. गॅलिलिओने १५९२ ते १६१० अशी १८ वर्षे येथे शिकवले. पण पादोव्हाला जायचे ते स्क्रोव्हेन्यी चॅपेलसाठी. जोत्तो या चित्रकाराने चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला या छोट्या प्रार्थनागृहाच्या भिंती ओल्या गिलाव्यावर चित्रे काढून भरून टाकल्या. माणसांच्या श्वासातील बाष्प आणि बाहेरची धूळ या रंगांना घातक असते. म्हणून पर्यटकांना आधी एका काचेच्या खोलीत सुमारे पंधरा मिनिटे बसवतात. तेथील हवेचे तापमान आणि आर्द्रता नियंत्रित केली की मगच आतले दार उघडते. एका वेळी मोजकेच लोक आत जातात आणि त्यांनाही साधारण पंधरा मिनिटेच मिळतात. आगाऊ नोंदणी केली नसेल तर परत फिरण्याची वेळ येऊ शकते. शुल्क लावण्यापेक्षा गर्दी रोखण्याचा हा मार्ग अधिक पटणारा आहे, कारण तो कशासाठी आहे हे दारातच कळते.

फेरारा आणि राव्हेन्नात काय आहे?

फेरारा हे सायकलींचे शहर. (फेरारी मोटारीचे गाव वेगळे, ते मारानेल्लो.) शहराभोवती सुमारे नऊ किलोमीटरची तटबंदी असून तिच्या कडेने सायकल चालवता येते. १४९२ पासून येथे जुन्या शहराला जोडून रुंद, सरळ रस्त्यांचे नवे शहर आखले गेले. या नगररचनेसाठीच १९९५ मध्ये त्याला जागतिक वारसा दर्जा मिळाला. मधोमध खंदक असलेला किल्ला आहे आणि त्याच्या आसपासच रोजचा बाजारहाट चालतो.

राव्हेन्ना बोलोन्याहून सव्वा तासावर. इ. स. ४०२ मध्ये पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी येथे हलवण्यात आली. पाचव्या-सहाव्या शतकांतील येथील चर्चमध्ये रंगीत काचेचे लाखो तुकडे बसवलेली भित्तिचित्रे आहेत. हे तुकडे सपाट नाहीत, जरासे तिरके आहेत. त्यामुळे पाहणारा चार पावले पुढे सरकला की सोनेरी प्रकाशही सरकतो. छायाचित्रात हे उतरत नाही. महाकवी दान्तेची कबरही येथेच. त्याला हद्दपार करणाऱ्या फ्लॉरेन्सने पुढे त्याच्यासाठी स्मारक उभारले, पण ते रिकामेच आहे.

या भागाचा महाराष्ट्राशी काय संबंध?

राव्हेन्नाला जाताना लुगो स्थानकानंतर गाडी सेनिओ नावाची छोटी नदी ओलांडते. ९ एप्रिल १९४५ रोजी याच परिसरात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी गोळीबारात दोन जखमी साथीदारांना नदीपार नेले आणि नंतर एकट्याने जर्मनांच्या तीन मशीनगन चौक्या शांत केल्या. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील या जवानाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जवळच्या फोर्ली शहरात दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेल्या भारतीय सैनिकांची दफनभूमी असून दहन झालेल्या सैनिकांचे स्मारकही आहे. सहलींच्या पत्रकांत फोर्लीचे नाव क्वचितच सापडेल.

ही शहरेही गर्दीची होणार नाहीत का?

होऊ शकतात. दक्षिणेतील मातेरा येथे डोंगरात कोरलेल्या घरांत एवढी दैना होती की १९५२ मध्ये सरकारने कायदा करून सुमारे १५ हजार लोकांना बाहेर हलवले. तीच घरे १९९३ मध्ये जागतिक वारसा ठरली, २०१९ मध्ये मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी झाले आणि आज त्याच गुहांमध्ये हॉटेले आहेत. म्हणूनच बस थांबवून दोन तासांत छायाचित्रे काढून निघण्यापेक्षा एखादी रात्र राहणे बरे. मुक्काम केला तर स्थानिक खानावळी, बेकऱ्यांनाही चार पैसे मिळतात.

जाण्याआधी काय लक्षात ठेवावे?

बोलोन्यात मुक्काम ठेवून फेरारा, राव्हेन्ना, फोर्ली रोज जाऊन-येऊन पाहता येतात. मात्र, व्यापारी प्रदर्शनांच्या काळात बोलोन्यातील हॉटेले महागतात. प्रादेशिक रेल्वेला आरक्षण लागत नाही, पण कागदी तिकीट गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रात छापून घ्यावे लागते, नाहीतर दंड होतो. लहान शहरांत दुपारी दुकाने बंद असतात, पुणेकरांना त्याचे नवल वाटू नये. अनेक संग्रहालये सोमवारी बंद. शाकाहारींसाठी फेरारातील लाल भोपळ्याचे सारण भरलेला पास्ता उत्तम, पण त्यावर मांसाचा सॉस नको हे आधी सांगावे. राव्हेन्नाकडची पियादिना पोळीसारखी दिसते, मात्र तिच्या पिठात बहुतेकदा डुकराची चरबी असते. पार्मेझान चीजसाठीही वासराच्या पोटातील रेनेट वापरतात. ऑगस्टमध्ये उकाडा आणि डास, तर नोव्हेंबरपासून दाट धुके. त्यामुळे मे, सप्टेंबर आणि ऑक्टोबर हे महिने सोयीचे.