खोली किती, यंत्र केवढे?

अकोला आणि अमरावती ही नावे एकत्र घेतली, की कापूस, तूर आणि उन्हाळा आठवतो. हवेच्या प्रदूषणाचा विषय निघाला, की मात्र बोट दिल्लीकडे किंवा फार तर चंद्रपूरकडे जाते. प्रत्यक्षात केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा हवेची मानके न पाळणाऱ्या १०२ शहरांच्या यादीत महाराष्ट्रातील १७ शहरे होती आणि त्यांत अकोला व अमरावती या दोन्ही शहरांचा समावेश होता. तेव्हापासून दमेकरी मूल किंवा वृद्ध आई-वडील असलेल्या घरांत एअर प्युरिफायर घेण्याचा विचार अधूनमधून डोके वर काढतो. दुकानात गेल्यावर ग्राहकाचा पहिला प्रश्न किमतीचा असतो. खरे तर तो खोलीच्या आकाराचा असायला हवा. लहान यंत्र मोठ्या खोलीत ठेवले, तर ते रात्रभर फिरत राहते, वीज खाते, हिरवा दिवाही दाखवते; पण ज्याच्या श्वासासाठी ते आणले, त्याच्या वाट्याला त्याचा फारसा लाभ येत नाही.

यंत्राच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘४०० चौरस फुटांसाठी’ असे काहीसे छापलेले असते. ग्राहकाने हा आकडा बाजूला ठेवावा आणि ‘सीएडीआर’ हा दुसरा आकडा शोधावा. यंत्र एका तासात किती घनमीटर स्वच्छ हवा खोलीत सोडते, ते या आकड्यावरून कळते. खोलीतील सगळी हवा तासाला किमान ५ वेळा गाळली जावी, हा सर्वसाधारण दंडक आहे. अमेरिकेतील उत्पादकांच्या संघटनेचा नियमही साधारण याच हिशेबावर बेतलेला आहे. मात्र त्यात छताची उंची ८ फूट गृहीत धरलेली असते. चिनी मानकाच्या सूत्रात सीएडीआरला ०.०७ ते ०.१२ ने गुणून चौरस मीटर काढले जातात. यातला वरचा गुणक धरला, की ३०० सीएडीआरचे यंत्र एकदम ३६ चौरस मीटरला, म्हणजे जवळपास ३९० चौरस फुटांना ‘पुरते’. १० फूट उंचीच्या खोलीत एवढ्या जागेतील हवा तासाला जेमतेम पावणेतीन वेळा गाळली जाते. छापलेला आकडा खोटा नसतो. तो फक्त विक्रेत्याच्या सोयीचा असतो.

वऱ्हाडातील घरांचे छत ८ फुटांचे क्वचितच असते. नव्या सदनिकांत ते १० फुटांच्या आसपास, तर जुन्या वस्तीतील घरांत १२ फूट किंवा त्याहूनही उंच असते. उन्हाळ्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच आहे. पण प्युरिफायर घेताना क्षेत्रफळाचा नव्हे, घनफळाचा हिशेब करावा लागतो. तो सोपा आहे. खोलीची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजून त्यांचा गुणाकार करावा आणि आलेल्या संख्येला ७ ने भागावे. जे उत्तर येईल, तेवढा सीएडीआर किमान हवा. १२ बाय १० फुटांची, १० फूट उंचीची निजण्याची खोली १,२०० घनफुटांची भरते. तिला सुमारे १७० सीएडीआर लागतो. तीच खोली १२ फूट उंच असेल, तर २०५. १८ बाय १२ फुटांच्या बैठकीला ३१० च्या घरात जावे लागते. बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दारच नसेल, तर दोन्ही मिळून एकच खोली धरावी.

येथे आणखी एक मेख आहे. सीएडीआर मोजला जातो तो यंत्र पूर्ण वेगात असताना. त्या वेगात यंत्राचा आवाज असा असतो, की झोपलेले मूल दचकून उठावे. साहजिकच रात्री ते मंद वेगावर ठेवले जाते आणि त्याची क्षमता निम्म्यावर, कित्येकदा तिसऱ्या हिश्श्यावर येते. म्हणून निजण्याच्या खोलीसाठी काढलेल्या आकड्याच्या दुप्पट क्षमतेचे यंत्र घेणे रास्त ठरते. १७० चा हिशेब आला असेल, तर ३०० ते ३५० चे यंत्र घ्यावे आणि ते मंद वेगावर चालवावे. पैसे वाचवायचे असतील, तर ते ‘स्मार्ट’ सुविधांवर आणि आयन सोडणाऱ्या बटणांवर वाचवावेत. आयन सोडणारी काही यंत्रे ओझोन निर्माण करतात आणि दमेकऱ्याला तो मुळीच मानवत नाही.

कूलर आणि प्युरिफायर

वऱ्हाडी घराचा खरा पेच मार्चनंतर सुरू होतो. २०२४ च्या मे महिन्यात उष्णतेमुळे अकोल्यात जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लावावे लागले होते. अशा मुलखात कूलर ही चैन नव्हे. कूलर बाहेरची हवा ओढून खोलीत ढकलतो आणि ती बाहेर जाण्यासाठी समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते. तासाला दीड हजार घनमीटर हवा फेकणारा लहानसा कूलरही वरील १२ बाय १० च्या खोलीतील हवा तासाला ४४ वेळा बदलतो. त्याच्यासमोर ५ वेळा हवा गाळणारे यंत्र ठेवणे म्हणजे नदीच्या धारेत गाळणी धरणे होय. कूलरच्या ओल्या गवतात जाडी धूळ थोडीफार अडकते. फुप्फुसाच्या तळाशी पोहोचणारे २.५ मायक्रॉनहून लहान कण मात्र सरळ आत येतात. त्यामुळे कूलरच्या दिवसांत प्युरिफायर चालवू नये, आणि वर्षभर चालेल या हिशेबाने त्याची किंमतही ठरवू नये. वातानुकूलित, बंद खोली असेल तर गोष्ट वेगळी.

मग तो उपयोगाचा केव्हा? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. थंडीत जमिनीलगतची गार हवा वर चढत नाही आणि धूर खालीच साचतो. त्यात दिवाळीचे फटाके, चौकाचौकांतल्या कचऱ्याच्या शेकोट्या आणि हंगाम सरत आला की शेतात पेटणारी पऱ्हाटी यांची भर पडते. या दिवसांत दारे-खिडक्या तशाही लावलेल्या असतात आणि योग्य आकाराचे यंत्र बंद खोलीतील सूक्ष्म कण पाचव्या-सहाव्या हिश्श्यापर्यंत खाली आणू शकते. मात्र ते कर्बवायू काढत नाही. बंद खोलीत तीन माणसे निजत असतील, तर दुपारी, हवा वर उठलेली असताना, खिडक्या तासभर उघडाव्यात. भल्या पहाटे उघडू नयेत, कारण त्याच वेळी बाहेरची हवा सर्वांत वाईट असते.

घरातला धूर घरातच थांबवणे केव्हाही स्वस्त. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डासांची एक कॉइल ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असे आढळले होते. कॉइल लावायची आणि कोपऱ्यात प्युरिफायरही चालवायचा, हा खर्चाचा विचित्र प्रकार अनेक घरांत दिसतो. मच्छरदाणीला वीज लागत नाही.

धुळीचेही तसेच. काळ्या मातीची आणि खोदलेल्या रस्त्यांची जाडी धूळ यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच जमिनीवर बसते. कोरड्या केरसुणीने ती पुन्हा उडते. ओल्या फडक्याने पुसणे हाच त्यावरचा उपाय. यंत्राने ते काम होत नाही. उलट या धुळीने यंत्राची बाहेरची जाळी लवकर बुजते आणि कागदावरचा सीएडीआर कागदावरच राहतो. येथे ती जाळी दर आठवड्याला झटकावी किंवा धुवावी. आतला हेपा फिल्टर मात्र धुवायचा नसतो. तो बदलावाच लागतो. म्हणून यंत्र घेण्याआधी बदली फिल्टरची किंमत आणि तो अकोल्यात किंवा अमरावतीत मिळतो की नागपूरहून मागवावा लागतो, एवढे दुकानदाराला विचारून घ्यावे. यंत्र भिंतीपासून फूटभर दूर, शक्यतो उशाजवळ ठेवावे. पडद्यामागे किंवा पलंगाखाली नको. आणि मार्चमध्ये कूलरला नवे गवत लागले, की जाळी स्वच्छ करून, यंत्र नीट वाळवून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावे. तसा ठेवलेला फिल्टर पुढच्या थंडीलाही कामी येतो.