ठिणगीची वेळ

शेतातील फवारणीयंत्र असो, गवत कापण्याचे यंत्र असो किंवा रस्त्यावरील स्कूटर असो. पेट्रोलवर चालणाऱ्या लहान इंजिनाचे सारे बळ एका ठिणगीवर अवलंबून असते. दट्ट्या वर सरकतो, पेट्रोल व हवा यांचे मिश्रण दाबले जाते आणि स्पार्क प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. ती नेमकी केव्हा पडावी?

दट्ट्या माथ्याशी पोहोचताच पडावी, असे सहज वाटते. परंतु मिश्रण एकदम पेटत नाही. ज्वाला पसरण्यास अल्पसा का होईना, वेळ लागतोच. म्हणून ठिणगी किंचित आधी पडावी लागते. मिनिटास ३,००० फेरे घेणाऱ्या इंजिनाचा दंड सेकंदाच्या हजाराव्या भागात १८ अंश फिरतो. ६,००० फेऱ्यांना तेवढ्याच वेळात ३६ अंश! ठिणगी फार लवकर पडली, तर वर येणाऱ्या दट्ट्यालाच तडाखा बसतो. किक मारणाऱ्याच्या पायाला उलटा झटका बसतो, तो बहुधा याचमुळे. उशीर झाला, तर शक्ती वाया जाते व इंजिन तापते.

१९०२ साली जर्मनीत बॉश यांच्या कारखान्यात गोटलोब होनोल्ड या अभियंत्याने उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो तयार केला. अशा मॅग्नेटोंत धातूच्या दोन टिकल्या विलग होताच ठिणगी पडे. कारागीर त्यांना 'पॉइंट' म्हणत. पण त्या जळत, झिजत, त्यांतील फट बदले आणि वेळ चुके. मग काचकागद घेऊन त्या घासत बसावे लागे.

इलेक्ट्रॉनिक पद्धतीत टिकल्याच नाहीत. दंडावरील जड चाकातील चुंबक तारेच्या वेटोळ्याजवळून जातो व वीज निर्माण होते. 'सी.डी.आय.' नावाच्या पेटीत ती साठते आणि ठरल्या क्षणी, एखादे दार उघडावे तशी, इग्निशन कॉइलमध्ये सोडली जाते. तेथे तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढतो. अनेक पेट्या वेगानुसार ठिणगीची वेळही स्वतःच मागेपुढे करतात.

तरीही थोडे काम उरतेच. गवत कापण्याच्या कित्येक यंत्रांत चुंबक व कॉइल यांमधील फट सुमारे ०.३ मिलिमीटर ठेवतात. जाणते कारागीर तेथे जाड कागदाचे कार्ड सरकवून कॉइलचे स्क्रू आवळतात व कार्ड काढून घेतात. चाक दंडावर जागच्या जागी धरणारी धातूची लहान चावी मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. धक्क्याने ती तुटली, की चाक किंचित सरकते. ठिणगी स्वच्छ दिसते, पण अवेळी पडते. अशा वेळी नवी पेटी विकत आणण्यापूर्वी चाक उतरवून ती चावी पाहावी.