निजामाच्या राजवटीतून बाहेर : जालन्याची बाजू

तेव्हाचे जालना : कुंडलिकेच्या एका काठावर जुना जालना, दुसऱ्यावर नवीन जालना. दोन्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यात. (स्वतंत्र जालना जिल्हा : 1 मे 1981.)

असंतोष कशाचा?
- प्रजा मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी, कारभार उर्दूत. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही शिक्षण उर्दूतूनच.
- ‘गश्ती निशाण 53’ : सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी. व्याख्यान, परिषद, सगळ्यालाच हा फास. म्हणूनच 1937 मध्ये परतूरला भरलेले महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन महत्त्वाचे. परतूर आज जालना जिल्ह्यात आहे.
- 1938 : हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी. त्याच वर्षी ‘वंदे मातरम्’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांवर कारवाई.
- जून 1947 : इंग्रज गेल्यावर स्वतंत्र राहण्याची निजामाची घोषणा. पुढे कासिम रझवीच्या रझाकार या सशस्त्र संघटनेचे अत्याचार.

शेवटचा टप्पा : 7 ऑगस्ट 1947 पासून स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह. 13 सप्टेंबर 1948 ला भारताची लष्करी कारवाई सुरू. 15 ला फौजा जालन्यात, 17 ला निजामाची शरणागती. जालन्याच्या टाऊन हॉल परिसरात या लढ्यातील हुतात्मा जनार्दन मामा नागापूरकर यांचा स्मृतिस्तंभ आहे.

अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याशी फरक : तिकडे प्रतिनिधित्वाविना लादलेले कर (1765 चा मुद्रांक कायदा) हे मोठे कारण, 4 जुलै 1776 ला नवे राष्ट्र जाहीर झाले. मराठवाड्याला, म्हणजे संस्थानातल्या मराठी भागाला, वेगळे राष्ट्र नको होते, भारतात विलीनीकरण हवे होते.