धर्मादाय मदतीचा अर्ज : खर्च करण्याआधी करा

वस्तीतल्या एखाद्या घरात मूल चालत नाही, कुणाला ऐकू येत नाही, मधुमेहामुळे कुणाचा पाय कापावा लागतो. मग आधी दागिने गहाण पडतात आणि नंतर बचत गटाचे कर्ज निघते. अशा घरांसाठी पैसा राखून ठेवणारे धर्मादाय ट्रस्ट असतात, पण त्यांच्याकडे आपली माणसे फार कमी जातात. त्याची दोन कारणे आमच्या कानावर नेहमी येतात : "आम्हाला भीक नको" आणि "आमची तिथे कुणाशी ओळख नाही."

पहिल्या कारणामागचा स्वाभिमान आम्हाला मोलाचा वाटतो. पण नोंदणीकृत ट्रस्ट म्हणजे कुणा शेठजीचा खासगी गल्ला नव्हे. लोकांच्या कामासाठी तो स्थापन झालेला असतो, म्हणून त्याला करसवलत मिळते आणि त्याच्यावर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते. त्याच्याकडे अर्ज करणे म्हणजे पदर पसरणे नव्हे. राहिली ओळख. अर्ज पाहणारा माणूस आपल्याला ओळखत नसतो, म्हणून तो कागद पाहतो. कागद पूर्ण आणि स्पष्ट असतील तर अनोळखी माणसाचा अर्जही उभा राहतो.

आधी सरकारी योजना

सरकारकडून काय मिळाले, हे ट्रस्ट विचारतोच. त्यामुळे सुरुवात तिथून करावी. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड यांसाठी 'स्वावलंबन' पोर्टलवर अर्ज करावा लागतो आणि नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. बहुतेक योजनांना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाही त्यांत येतात. विदर्भातल्या सिकलसेलच्या घरांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे.

तीनचाकी सायकल, व्हीलचेअर, श्रवणयंत्र, कृत्रिम हात-पाय यांसाठी केंद्राची 'एडिप' योजना आहे. कानपूरच्या 'अलिम्को' संस्थेमार्फत तिची शिबिरे भरतात. मोठ्या माणसाला तेच साधन मागच्या तीन वर्षांत मिळालेले नसावे, अशी तिची अट आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्याची चौकशी लेखी करावी. दरमहा आधार हवा असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात द्यावा.

शस्त्रक्रिया असेल तर धर्मादाय रुग्णालयांचा नियम माहीत हवा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक नुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये आहे. दाखल होतानाच तिथल्या समाजसेवकाला भेटावे.

ट्रस्ट कशाला पैसे देतो

एकदाच होणाऱ्या, आकड्यात सांगता येणाऱ्या खर्चाला ट्रस्ट पैसे देतो. शस्त्रक्रिया, मापाची व्हीलचेअर, श्रवणयंत्र, शाळेची फी अशी मागणी चालते. 'घर चालवायला मदत करा' ही मागणी सहसा मागे पडते. पैसे बहुधा आपल्या हातात येत नाहीत. ते रुग्णालयाच्या किंवा दुकानदाराच्या नावाने निघतात. म्हणूनच उसने घेऊन बिल भरले आणि मग अर्ज केला, तर ते पैसे परत मिळणे कठीण असते. आधी अर्ज, मग खरेदी, हाच क्रम ठेवावा.

काही ठिकाणी तर पैशाऐवजी साधनच मिळते. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून 'जयपूर फूट' मोफत बसवते.

कागदांची फाइल

पुढील कागद एका फाइलमध्ये ठेवा :

- यूडीआयडी कार्ड किंवा दिव्यांग प्रमाणपत्र
- आधार कार्ड आणि रेशन कार्ड
- तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला
- साधन किंवा उपचार का हवा, हे सांगणारे डॉक्टरांचे सही-शिक्क्याचे पत्र
- रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक किंवा दुकानाचे दरपत्रक, लेटरहेडवर आणि तारखेसह
- फोटो आणि बँक पासबुकाची प्रत

सर्व कागदांवर नाव सारखे हवे. आधारवर एक आणि रेशन कार्डावर दुसरे असेल तर अर्ज तिथेच अडकतो. मूळ कागद कुणाकडेही ठेवू नका, झेरॉक्स द्या.

पत्र एका पानाचे

पत्रात दुःखाचे वर्णन लांबवू नका. कोण, काय हवे, किती कमी पडते आणि मिळाल्यावर काय बदलेल, एवढे लिहा. हा नमुना पाहा :

"माझी मुलगी ९ वर्षांची असून तिला सेरेब्रल पाल्सी आहे. दिव्यांगत्व ७५ टक्के आहे. ती आधाराशिवाय बसू शकत नाही. फिजिओथेरपिस्टनी मानेला आधार असलेली, तिच्या मापाची व्हीलचेअर सुचवली आहे. किंमत २४,००० रुपये असून दरपत्रक जोडले आहे. मी घरकाम करते, महिन्याला ९,००० रुपये मिळतात. पती बिगारी काम करतात, त्यांना रोज काम मिळत नाही. आम्ही ४,००० रुपये जमवले आहेत, २०,००० कमी पडतात. व्हीलचेअर मिळाल्यास तिला रोज शाळेत नेता येईल."

आपण किती जमवले हे लिहिण्यात कमीपणा नाही. घर स्वतः धडपडते आहे, हे त्यातून दिसते.

एकाच वेळी दोन-तीन ट्रस्टना अर्ज करता येतो, पण प्रत्येकाला ते कळवावे. एकाकडून १०,००० मंजूर झाले तर दुसऱ्याकडे उरलेलेच मागावेत. ट्रस्टची माहिती सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात मिळते. मुंबईत हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आणि श्रवणदोषासाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था इथेही चौकशी करावी.

दलालापासून सावध

"मंजुरी आणून देतो, एवढे टक्के द्या," असे म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. फॉर्मसाठी पैसे, कोरा सही केलेला कागद किंवा ओटीपी कुणालाही देऊ नका. अर्ज दिल्यावर पोच घ्या आणि पंधरा दिवसांनी विचारपूस करा. नकार आला तर कारण विचारा. जुना दाखला किंवा अपुरे दरपत्रक एवढेच कारण असेल, तर ते दुरुस्त करून पुन्हा अर्ज करता येतो.

एकट्या आईला कामाचा खाडा करून हे सगळे करणे जड जाते. म्हणून वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींना आमची विनंती आहे. रविवारी विहारात तासभर बसा, कुणाचा दाखला संपला, कुणाचे कार्ड काढायचे राहिले ते वहीत नोंदवा आणि दर आठवड्याला एका घराची फाइल पूर्ण करा.