घरातील झाडे : आधी जागा, मग झाड

आंध्र प्रदेशातील कडियमपासून पुण्यापर्यंत शोभिवंत झाडांची रोपवाटिका हा अनेक शेतकऱ्यांचा मुख्य व्यवसाय आहे. ग्राहक मात्र झाड निवडतो ते पडद्याच्या रंगाला शोभेल असे, आणि ठेवतो ते कोपरा रिकामा दिसेल तेथे. दोन महिन्यांत पाने चिकट होऊन गळू लागतात व दोष रोपवाटिकेच्या माथी येतो. कीटकशास्त्रीय दृष्टीने पाहता अशा अनेक तक्रारींचे मूळ जागेच्या निवडीत आढळते.

भर दुपारी उघड्यावर प्रकाश सुमारे एक लाख लक्स असतो. खोलीच्या मध्यभागी तो बहुधा काहीशे लक्सच उरतो. आपले डोळे जुळवून घेतात, म्हणून हा फरक जाणवत नाही. क्रोटनसारखे उन्हाचे झाड तेथे खंगते, पाणी कमी शोषते, आणि नित्याच्या सवयीने घातलेले पाणी कुंडीत साचून राहते. अळिंबी उत्पादकांच्या परिचयाच्या सायरिड माश्या अशाच ओल्या, सेंद्रिय माध्यमात अंडी घालतात. याउलट, वातानुकूलन यंत्राच्या कोरड्या झोतात ठेवलेल्या अरेका पामवर लाल कोळी वेगाने वाढतो. उष्ण हवेत त्याची एक पिढी साधारण आठवडाभरात पूर्ण होते.

शेतात पिठ्या ढेकणाला क्रिप्टोलीमस भुंगेरे खातात, पावसाच्या सरी धुऊन काढतात. दिवाणखान्यात यांपैकी काहीच नाही. शेतातील कीडनाशक तेथे फवारण्याचा सल्ला तर विस्तार कार्यकर्त्याने कधीही देऊ नये. बंद खोलीत माणसेही तीच हवा घेत असतात.

म्हणून विक्रीच्या वेळीच खिडकीची दिशा व अंतर विचारावे. अंधूक कोपऱ्यासाठी झेडझेड, सॅन्सेव्हिएरिया किंवा अ‍ॅग्लोनेमा, क्रोटन खिडकीलगतच. लहान मूल असलेल्या घरी डिफेनबॅकिया सुचवू नये, कारण तिच्या रसातील कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांमुळे तोंडाची तीव्र आग होते. रोपवाटिकेतही विक्रीपूर्वी काही आठवडे झाडे दाट शेडनेटखाली ठेवून नत्राची मात्रा कमी करावी. कोवळी, लुसलुशीत वाढ रसशोषक किडींना आवडते.

ग्राहकाने नवे झाड दोन-तीन आठवडे इतर झाडांपासून दूर ठेवावे. पानांची मागील बाजू, देठांच्या बेचक्या आणि कुंडीचे तळछिद्र भिंगाने पाहावे. पिठ्या ढेकूण दिसल्यास स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपावा, कोळी ओल्या फडक्याने पुसावा. सायरिड माश्यांसाठी वरचा तीन-चार सेंटिमीटरचा थर वाळल्यावरच पुन्हा पाणी द्यावे.